फिरत राहिलेली हाक

याबेनी, ओआहाकाचा डोंगर
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २०१९

ओदिलोनमामा,

फोन न करता पत्र लिहितेय, यावरूनच इथली अवस्था ओळख. आजीने भाजलेल्या त्लायुदांच्या चळतीत मधोमध केळीच्या पानात गुंडाळलेलं एक मेमरी कार्ड आहे. ते खाऊ नकोस. पार्सलवाल्या क्रिसोफोरोला मी सांगितलंय की खोक्यात फक्त मक्याच्या भाकऱ्या आणि तिखट टोळ आहेत.

ऑगस्टमध्ये गावसभेने मला नेटवर्कची जबाबदारी दिली, तेव्हा किती जण हसले ते तू फोनवर ऐकलंच आहेस. कुणाच्या वाट्याला पाण्याची टाकी येते, कुणाच्या चर्चची घंटा, माझ्या वाट्याला हे. वर्षभर, बिनपगारी. ऑक्टोबरपर्यंत सगळं छान चाललं होतं. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, तुम्हा तिकडच्या लोकांनी घरोघरी नवे फोन पाठवले, आणि तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की आमचं जाळं गुदमरतं. आवाज तुटतो. चित्राचे चौकोन होतात. तुझ्या डोक्याच्या जागी आजीला रोज एक वीट दिसते.

आता खरी गोष्ट. फोन कंपनीने बेलत्रान नावाचा इंजिनिअर पाठवला. सभेत उभा राहून म्हणतो कसा, "तुमचं जाळं लहान आणि तुमची भूक मोठी." वर बोट आजीकडे! "सगळ्यात जास्त नेट या बाई खातात. रोज संध्याकाळी मुलाशी चित्रासकट गप्पा मारत बसतात." सगळी सभा वळून आजीकडे बघायला लागली, आणि आजी मान खाली घालून पदराशी चाळा करत बसली. मामा, मी आजीला मान खाली घातलेली कधी पाहिली नव्हती. माझं डोकं फिरलं.

गावप्रमुख अब्दियासने हुकूम काढला, सहा ते नऊ चित्राचे फोन बंद. मी नाही म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी मी देणार नाही, जबाबदारी काढून घ्यायची तर घ्या म्हटलं.

त्यांनी काढली नाही, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. पण चोवीस मार्चला गावसभा मत देणार आहे. कंपनीला आपली टेकडी तीस वर्षांसाठी हवी आहे, आणि आपण पाठीवर वाहून नेऊन उभा केलेला अँटेना खाली उतरलेला हवा आहे. आयत्या बिळावर नागोबा. सभा हरलो, तर तुझी आणि आजीची भेट कंपनी म्हणेल तेव्हा आणि कंपनी म्हणेल त्या भावाने.

कार्डावर काय आहे ते सांगते. मी लॅपटॉप वरच्या आळीतल्या नेटच्या पेटीला लावला आणि संध्याकाळी जे जे पॅकेट समोरून गेलं ते पकडून ठेवलं. इथल्या म्हाताऱ्यांना समजावते की बाबांनो, नेटवरचं सगळं बोलणं बारीक बारीक पाकिटांतून जातं. मी आतलं पत्र वाचत नाही, कुणाकडून कुणाला एवढंच वरून बघते. आजीची पाकिटं वेगळी काढली. अख्ख्या टोपलीत मूठभर भरली! मग बाकीची टोपली कशानं भरली, ते मला कळत नाहीये. तू तिकडे इमारतींमधून रोज वायरी ओढतोस. बघ जरा.

एलोइना


लॉस एंजेलिस
मंगळवार, १९ फेब्रुवारी २०१९

एलोइना पोरी,

त्लायुदा पोचल्या, दोन मोडल्या होत्या. कार्ड सापडेपर्यंत मी तीन खाल्ल्या होत्या. टोळ मारिसेलाने पळवले. इथे जन्मलेली पोर, पण टोळांच्या बाबतीत पक्की याबेनीची.

रविवारभर तुझी पाकिटं बघत बसलो. मी वायरी ओढणारा माणूस, त्या ओढून झाल्या की आत काय धावतं हे बघणारे साहेब वेगळे. तरी एक गोष्ट माझ्याही नजरेत भरली. तुझ्या टोपलीत बहुतेक सगळ्या हाका आहेत. एखादा फोन नव्याने जाळ्यात शिरतो आणि ओरडतो, "मला पत्ता द्या!" ही हाक पेटी सगळ्या दारांतून सगळीकडे पाठवते. तिचं कामच ते. पण प्रत्येक हाकेवर हाक मारणाऱ्याने एक आकडा टाकलेला असतो. तो आकडा बघ. हजारो हाका, आणि आकडा एकच.

एकच माणूस एवढ्या वेळा ओरडत नाही ग. तो एकदाच ओरडला, आणि ती एकच हाक गोल गोल फिरतेय. बाहेरच्या जगात जाणाऱ्या पाकिटाचं आयुष्य वाटेतला प्रत्येक राउटर थोडं थोडं कमी करतो, म्हणून ते कधीतरी मरतं. तुमच्या गल्लीतल्या साध्या पेट्या तसं काही करत नाहीत. वाट गोल असली तर हाक फिरतच राहते. पेट्या थोडा लगाम घालतात, म्हणून तुमचं जाळं मरत नाही, नुसतं गुदमरतं. आमच्या एका कामावर कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत खुपसली होती, तेव्हा असाच गोंधळ झाला होता.

तेव्हा दोन वाटा शोध. आणि सकाळचीही पाकिटं पकडून ठेव, तुलना करायला.

पण एलोइना, थोडं सबुरीनं घे. कंपनी म्हणजे राक्षस नव्हे. इथे आम्ही सगळे कंपनीच्याच तारेवर जगतो. टेकडीवर नाहीतरी काय पिकतं? दगड. उगाच सगळ्या गावाशी वैर घेऊ नकोस. आईला सांग, गुडघ्याला तेल लाव.

तुझा मामा


याबेनी
शुक्रवार, १ मार्च २०१९

मामा,

आजी गुडघ्याला तेल लावते. तू स्वतःच्या जिभेला लाव.

काल छोटी सभा होती. अब्दियास उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला की लॉस एंजेलिसच्या आपल्या माणसांच्या समितीने कंपनीला पाठिंबा कळवलाय. नावं वाचली. पहिलं नाव तुझं. उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी सांगितलं? मी तुला पाकिटं पाठवते, तू मला सबुरी शिकवतोस, आणि सही तिकडे करून मोकळा! आजी सभेतून घरी आली आणि चुलीपुढे बसून राहिली. मला म्हणाली, "त्याला विचारू नकोस. त्याचं काहीतरी असेल." मी तर विचारणार.

तुझं म्हणणं मात्र खरं निघालं, म्हणून तुझ्यावर जास्तच राग आहे. सकाळच्या पाकिटांत एक हाक एकदाच दिसते. संध्याकाळी तीच हजारदा. पण बुधवारी संध्याकाळी सगळं स्वच्छ! तू कामावर होतास, तुझी मारिसेला आजीशी दीड तास चित्रासकट बोलत होती, शेजारची निम्मी आळी फोनवर होती, आणि एक हाक दुसऱ्यांदा फिरली नाही. म्हणजे बेलत्रानची भूकबीक सगळी थाप आहे.

बुधवारी गावात काय नव्हतं? बँड नव्हता. सगळे वाजवणारे पलीकडच्या गावी सणाला गेले होते. एरवी रोज सातला बँडघरात तालीम असते. आणि बँडचा प्रमुख कोण, तर तौरिनोकाका. ऑक्टोबरात मी जाळ्याचं काम शिकून शहरातून परत आले तेव्हापासून हा माणूस माझ्याकडे बघत नाही, नमस्कार केला तर आपला मोठा पितळी ट्यूबा पुसत बसतो. बाईला जबाबदारी दिली हे त्याच्या घशाखाली उतरलेलं नाही. माझी खात्री आहे, तोच काहीतरी करतोय.

दोन वाटा मात्र सापडत नाहीत. खालच्या आळीने श्रमदानातून वरच्या आळीला ओढून दिलेली वायर एकच आहे, तिचा नकाशा मीच काढला. दहा तारखेच्या रविवारी चर्चसमोर सगळ्यांदेखत मी तौरिनोचं नाव घेणार आहे.

एलोइना


लॉस एंजेलिस
शुक्रवार, ८ मार्च २०१९

एलोइना,

हो, सही केली. आणि कुणाला भिऊन केली नाही.

तू माझ्या जागी येऊन बस एकदा. सकाळी चारला उठायचं, दिवसभर छताच्या पोकळीत पोटावर सरपटत वायरी ओढायच्या, संध्याकाळी पाचला घरी येऊन हातसुद्धा न धुता फोन लावायचा. तुमच्याकडे तेव्हा सात. समोर काय, तर चौकोन. "आई, ऐकू येतं का?" "ओदिलोन, ऐकू येतं का?" असं दोघांनी एकमेकांना अर्धा तास विचारायचं आणि झोपायचं. माझ्याकडे कागद नाहीत, मला इथून बाहेर पडता येत नाही. पडलो तर परत आत येता येत नाही, आणि माझी पोरं इथे आहेत. आई चौऱ्याऐंशीची. माझ्याजवळ तेवढा एक फोन आहे. कंपनीचा माणूस म्हणाला की महिन्याभरात चित्र आरशासारखं दिसेल. मी टेकडी दिली असती, चर्चही दिलं असतं. तू मला लाज वाटायला लावू नकोस, मला ती वाटत नाही.

पण वाटा शोधल्याशिवाय तौरिनोचं नाव घेऊ नकोस. हे मामा म्हणून नाही, वायरीवाला म्हणून सांगतो. माणसावर संशय घेण्याआधी भिंतीमागे बघावं. बँडघरात जा. तिथे काही सुरू झालं की तुमचं जाळं गुदमरतं ना? मग काय सुरू होतं ते बघ.

मामा


याबेनी
शुक्रवार, १५ मार्च २०१९

मामा,

तुझं पत्र रविवारनंतर आलं, तरी चर्चसमोर मी तोंड उघडलं नव्हतं. आजीने हात धरून ठेवला होता. सुटले म्हणायची.

काल तालमीच्या वेळी सरळ बँडघरात शिरले. सगळे फुंकत होते, मी भिंतीकडे गेले. कपाटामागे एक छोटी पेटी, दिवे लुकलुकतायत. तिच्यातून दोन वायरी निघालेल्या. एक वरच्या आळीच्या खांबाकडे. दुसरी जमिनीत. मी हात वर केला, तसं वाजवणं थांबलं.

"तौरिनोकाका, ही पेटी?"

"बँडची. मृतांच्या सणाला बसवली. पोरं तिच्यावर नवी गाणी उतरवून घेतात. जाताना मेन स्विच बंद करतो आम्ही, वीज फुकट जाळत नाही."

"आणि ही जमिनीतली वायर कुठे जाते?"

ट्यूबा खाली ठेवून काका म्हणाले, "वा! दिसली का बाईसाहेबांना? पाच महिन्यांनी?"

मग काकांनी सगळं सांगितलं. मी शहरात शिकायला गेले होते तेव्हा अख्खा बँड कुदळी घेऊन उतरला होता. खालच्या आळीने वरच्या आळीला वायर ओढून दिली, ते गोसोना झालं, परतफेडीचं श्रमदान. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या. तुझा बँड माझ्या सणाला वाजला, माझा तुझ्या. मग ते फेडायला नको? म्हणून त्यांनी बँडघरापासून खालच्या आळीच्या पेटीपर्यंत, दगडी वाटेखालून, एक वायर परत दिली. इतकी नीट पुरली की वर गवत उगवलंय. कुणी गाजावाजा केला नाही, फेडलेलं गोसोना मिरवायचं नसतं. "दोन पाट असले की पाणी दुप्पट येतं, एवढी अक्कल आम्हालाही आहे," म्हणाले. "तू परत आलीस. आम्ही वाट बघितली. 'भलं केलंत' एवढे दोन शब्द नाहीत! मी म्हटलं, जबाबदारी मिळाली, पोरगी शेफारली."

आणि मी समजत होते की मी बाई आहे म्हणून हा माणूस बघत नाही! मामा, मला त्याच क्षणी रडू आलं आणि हसूही आलं. पाण्याला दोन पाट चालतात. आमच्या पेट्यांना चालत नाहीत. वरून खाली एक वाट, खालून वर दुसरी, झालं रिंगण. तालीम सुरू, पेटी सुरू, हाक फिरायला लागली. कुणी चोर नाहीच. सगळ्या गावाचा चांगुलपणा गोल गोल फिरतोय आणि आजीचा गळा दाबतोय.

मी सांगितलं, काका, ही वायर काढावी लागेल. बँडने वाद्यं खाली ठेवली. तू डोंगर सोडून कितीही वर्षं झाली असोत, फेडलेलं गोसोना नाकारणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. काका एवढंच म्हणाले, "वायर उपटलीस तर वरच्या आळीचा एक हात तुझ्या बाजूने वर होणार नाही." सभेतली निम्मी मतं वरच्या आळीची आहेत.

तू म्हणशील, गुपचूप टोक काढून ठेव, कुणाला कळतंय. नाही ठेवणार! मग बेलत्रान म्हणेल बघा, म्हातारीने बोलणं कमी केलं आणि जाळं सुधारलं. आजीने मान खाली घातली ती सगळ्यांसमोर, ती वरही सगळ्यांसमोर झाली पाहिजे. तू रविवारी चोवीस तारखेला पाचला फोन लाव. सभेत मोठा पडदा लावतेय. सही करणाऱ्याचं तोंड गावाला दाखव.

एलोइना


याबेनी
मंगळवार, २६ मार्च २०१९

मामा,

तुझं चित्र मधेच गेलं, तेव्हा तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

सुरुवात तू पाहिलीस. बेलत्रानने रंगीत नकाशे दाखवले. मी म्हटलं, नकाशे ठेवा, आपण करूनच बघू. आजीला पुढे बसवलं, पडद्यावर तू. आळीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांनी एकदम फोन लावा, चित्रासकट. अब्दियास ओरडला, "अगं, सगळं बंद पडेल!" पडलं नाही. तू पडद्यावर स्वच्छ होतास, सभाभर लोक बोलत होते, कुणाचा नातू रडत होता, कुणी तव्यावरची भाकर दाखवत होतं. मग मी तौरिनोकाकांना म्हटलं, आता तुम्ही तालीम सुरू करा.

ते आले ते फक्त मला खोटं पाडायला. बँडघराचा मेन स्विच सुरू झाला, पहिला सूर निघाला, आणि पडद्यावर तुझी वीट झाली. एकेक फोन गेला. मी लॅपटॉप वर उचलून दाखवला: तीच हाक, तोच आकडा, धो धो. म्हाताऱ्यांनाही कळलं, एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसायला अक्षर यावं लागत नाही. मग मी बँडघरात गेले आणि टोक काढलं, तसा अख्खा बँड माझ्यामागून सभेत आला.

तू परत आलास ते तू पाहिलंस. फोन आजीच्या तोंडापुढे होता, म्हणून तुला दिसलं नाही ते हे. बेलत्रान म्हणाला, "ही जादू आहे, कायमचा उपाय नव्हे. अशिक्षित लोकांनी वायरी पुरल्यावर असंच होणार." मामा, हे त्याने वरच्या आळीच्या अख्ख्या बँडसमोर म्हटलं! हात दाखवून अवलक्षण. तरी तौरिनोकाका वळले ते माझ्याकडेच.

"आमचं गोसोना उपटलंस ना?"

माझा आवाज चढाच लागला. "उपटलं नाही, काका. तुम्ही दिलंत, आम्ही घेतलं, पाच महिने उशिरा का होईना, भलं केलंत! आता ती खालच्या आळीची वायर आहे. आणि खालची आळी ती पुढे देतेय. ओढ्यापलीकडच्या नऊ घरांना अजून जाळं नाही. दुसरं टोक तिकडे जाईल. ते ज्याला फेडतील त्याला फेडतील. पण कंपनी ज्याला फेडते असा माणूस मला कुणी दाखवावा!"

काकांनी ट्यूबा खांद्यावरून उतरवला. मग म्हणाले, "ओढ्यात खडक आहे. पहार लागेल."

"आणते."

"तू काय आणतेस, तुला पहार उचलते का? शनिवारी आम्ही येतो."

मग मतं झाली. तू पडद्यावरून ओरडलास, "माझं नाव त्या यादीतून खोडा, आणि खोडलेलं दिसेल असं खोडा!" तेव्हा खूप जण हसले. मी तुला अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण ते वाक्य मोजलंय. कंपनीविरुद्ध वरच्या आळीचे हात आधी वर गेले, टेकडी आपलीच राहिली. बेलत्रान जेवायलाही थांबला नाही, मोलेच्या रश्श्याची पातेली तशीच उरली, ती बँडने संपवली.

आजीला तुला काही कळवायचंय. फोन स्वच्छ चालतो तर फोनवर सांग म्हटलं. म्हणाली, "फोनवर तो मधे बोलतो. लिही." पुढचं तिचं आहे.

एलोइना


ओदिलोन,

मी बोलते, ही लिहिते. ही शब्द गोड करते, म्हणून प्रत्येक ओळ परत वाचून दाखवायला लावलीय.

सभेत मी हात वर केला. शेजारणीने विचारलं, फिलाडेल्फा, दोन्ही हात कशाला? मी म्हटलं, एक माझा, एक तिकडे अडकलेल्याचा. अब्दियासने एकच मोजला. तो मेला तसाच आहे.

तो शहरातला माणूस म्हणाला की मी फार नेट खाते. आता आणखी खाणार.

मृतांच्या सणाला तू मला हा फोन पाठवलास, तेव्हापासून मी चौकोनांशी बोलत होते. त्याआधी नुसत्या आवाजाशी. परवा सभेत तू भिंतीएवढा दिसलास. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तुझं डोकं बघत होते. पांढरं. सगळं पांढरं. मी तुला बसमध्ये बसवलं तेव्हा काळे केस होते, मीच विंचरले होते. मला न विचारता तू म्हातारा झालास? कुणाच्या परवानगीने?

तू येऊ शकत नाहीस, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. कधी येतोस हे मी विचारायचे ते तुला बरं वाटावं म्हणून. यापुढे विचारणार नाही. ते कुंपण त्यांचं आहे, त्यांना लखलाभ. पण तुझं उरलेलं म्हातारपण माझं आहे, ते मी त्यांना देणार नाही, कंपनीलाही देणार नाही. रोज सातला दिव्याखाली बसायचं. तोंड फिरवायचं नाही. सुरकुती आली की मला आधी दिसली पाहिजे.

आणि हात धुऊन, जेवून बसत जा.

तुझी आई